शिवणीतली माया

अजीजाचा नवरा बंदेनवाज रफूगार होता. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या जिन्याखाली त्याची बसायची जागा होती आणि लग्नानंतर त्यानंच तिला हे काम शिकवलं. विडीनं जळालेली सफारी, उंदरानं कुरतडलेली शेरवानी, खिळ्याला अडकून फाटलेला शालू, सगळं त्यांच्याकडे यायचं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एखादा दोरा हळूच ओढून घ्यायचा आणि त्या दोऱ्यानं भोक विणून काढायचं. रंग जुळवायची भानगडच नाही. "कपड्याचं औषध कपड्यातच असतं," असं बंदेनवाज म्हणायचा. तो गेला, त्याच्यामागे जिन्याखालची जागाही गेली, आणि अजीजा विजापूर वेशीजवळच्या आपल्या दोन खोल्यांत शिलाई मशीन मांडून बसली.

रफूला आता कुणी येत नव्हतं. ब्लाउज, परकर, पडद्यांच्या कडा, असलंच काम असायचं. पण घरातला नियम तिनं मोडला नव्हता. कापड घ्यायचं ते जाड, सुती. शिवताना दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडायची, म्हणजे अंग भरलं तरी उसवून मोठं करता येतं. आणि मग तो कपडा पार विरेपर्यंत वापरायचा. तिची एकुलती एक मुलगी मारिया अशाच कपड्यांत वाढली. कॉलेजात मैत्रिणी चिडवायच्या, "हा ड्रेस तुझ्याच वयाचा आहे का गं?" मारियाला राग यायचा नाही. तिला ते कपडे मनापासून आवडायचे. एकदा मैत्रिणींनी मोबाईलवरून एकसारखे टॉप मागवले तेव्हा तिनं एकटीनं मागवला नाही. "तुमचे टॉप दिवाळीपर्यंत टिकले तर मला सांगा," म्हणाली. ते टिकले नाहीत. पण त्याचं कुणाला काही वाटलंही नाही, कारण तोवर सगळ्यांनी दुसरे मागवले होते.

बी.कॉम. झाल्यावर मारियाला होटगी रोडवरच्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात नोकरी लागली. तीन मजले, आत कायम गार हवा, बाहेर काचेत उभे केलेले पुतळे. त्या पुतळ्यांचे कपडे बघता बघता बदलायचे. सुरुवातीला मारियाला घड्या घालायचं काम होतं. मग एके दिवशी चन्नवीर सरांनी तिला मागच्या खोलीत नेलं. चन्नवीर सर म्हणजे दुकानाचे मॅनेजर. मंगळवेढ्याकडचा, तिशीचा, हळू बोलणारा माणूस.

खोलीत कपड्यांचा ढीग होता. सरांनी तिच्या हातात मोठी कात्री दिली.

"तुझी आई शिलाई करते ना? मग तुला सवय असेल. हा सगळा परत आलेला माल. कुणाचं बटण तुटलंय, कुठं डाग आहे, काहींचा नुसता सीझन संपलाय. प्रत्येक कपडा मधोमध कापायचा, फोटो काढायचा आणि ॲपवर टाकायचा."

मारियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "कापायचा?"

"हो."

"सर, कुणाला देऊन टाकले तर? कोरे आहेत हे."

"फुकट मिळाले तर विकत कोण घेईल? आणि आपल्या नावाचा कपडा कचऱ्यातून कुणाच्या अंगावर गेलेला वरच्यांना चालत नाही." सर थोडं थांबले. "मला विचारू नकोस. मलाही वरून सांगतात."

पहिला कपडा हातात आला तो लहान मुलीचा पिवळा फ्रॉक. पाठीवरचा एक हूक निघाला होता, बाकी काही नाही. मारिया तो धरून बराच वेळ उभी राहिली आणि मग तिनं कात्री लावली. संध्याकाळी अजीजानं विचारलं, "आज काय काम केलंस?"

"घड्या घातल्या, अम्मी."

कापलेले कपडे पोत्यांत भरून मागच्या गल्लीत नेऊन ठेवायचं काम चंद्रव्वाकडे होतं. ती दुकानात झाडलोट करायची, रोज होटगीहून यायची. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची. पहिल्यांदा तो ढीग बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अगं माझे आई, ह्ये तर कोरं हाय की! कशाला कापतीस?"

"नियम आहे, मावशी."

"कुनाचा नियम? देवाचा हाय का?" चंद्रव्वानं ढिगातून एक गुलाबी झालरीचा फ्रॉक उचलला. त्याची काखेतली शिवण बोटभर उसवली होती. "माझ्या नातीच्या मापाचा हाय बग. शाळंत गॅदरिंग हाय तिच्या. ह्यो कापू नगं की."

मारियानं तो फ्रॉक कापला नाही. दुसराच एक कापलेला कपडा उलटा करून त्याचा फोटो काढला आणि ॲपवर टाकला. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं आणखी काही कपडे तसेच ठेवले. चंद्रव्वा ते पोत्याच्या तळाशी घालून बाहेर न्यायची आणि सुटल्यावर मारिया गल्लीतून ते आपल्या पिशवीत भरायची.

घरी तिनं सांगितलं, की थोडं बिघडलेलं असलं की दुकान ते कपडे वाटून टाकतं.

अजीजा खूश झाली. "भला माणूस दिसतो तुमचा मालक," ती म्हणाली आणि चष्मा पुसून कामाला लागली. गुलाबी फ्रॉकची काख शिवली. एका कुर्तीचा खिसा बसवला. एक जीन्सचं जाकीट होतं, कोपरावर ओरखडून फाटलेलं, ते तिनं दोन दुपारी खपून रफू केलं. दारात दोरी बांधून तिनं दुरुस्त केलेले कपडे टांगले. गल्लीतल्या बायका येऊन बघायच्या, शिलाईपुरतं काही देऊन घेऊन जायच्या. शेजारची महेजबीन सगळ्यांना सांगत सुटली, "अजीजाभाभीनं हात लावला म्हणजे कपड्याला मरण नाही."

ते दिवस फार चांगले गेले. सुटीच्या दिवशी मायलेकी उंबऱ्यात बसून काम करायच्या. पूर्वी अजीजा मारियाला रफू शिकवायला तयार नव्हती, "तू शीक, नोकरी कर, डोळे कशाला घालवतेस," म्हणायची. आता तिनं तिला सुई धरायला शिकवली. मारियाला दुकानाची तीन मजल्यांची इमारत आठवायची आणि वाटायचं, जाऊ दे, तिथं कापू देत किती कापायचं ते. इथं आपण थोडं तरी वाचवतो.

सगळ्यात आधी महेजबीन आपली कुर्ती घेऊन परत आली. कुर्तीचा खिसा जसाच्या तसा होता, पण खिशाच्या कडेनं कापड सरळ रेषेत फाटलं होतं. एकदाच धुतली होती म्हणे. "माझंच काही चुकलं असेल, भाभी," ती म्हणाली. पण मग दुसऱ्या बायका येऊ लागल्या. कुणाची बाही, कुणाची कड. टाका शाबूत आणि टाक्याशेजारचं कापड गेलेलं. एक बाई दारातच मोठ्यानं बोलली, "अजीजाचा टाका उसवला असं मी पहिल्यांदाच ऐकलं."

एका दुपारी चंद्रव्वा आली. गुलाबी फ्रॉक तिनं पदराखालून काढला. पाठीच्या बाजूनं तो खालपर्यंत उघडा झाला होता.

"भाभी, भांडाय आले न्हाय बगा मी. पोरगी स्टेजवर नाचत हुती आन् पाठ उघडी पडली. समदी पोरं हसली. आता म्हनती, शाळंला जायाचंच न्हाय."

अजीजानं चंद्रव्वाला बसवलं, चहा दिला आणि तिच्यासमोरच फ्रॉक पुन्हा शिवायला घेतला. टाका घातला की सुईच्या भोकापासून कापड चिरत जायचं. आणखी आतून घ्यावं म्हणून तिनं शिवण उलटी केली, तर आत काही नव्हतंच. मायेचं नाव नाही. अगदी कडेवर ओव्हरलॉक मारून कापड संपलं होतं. दोरा ओढून बघितला तो रबरासारखा ताणला आणि तुटला. चंद्रव्वा चहा पिऊन निघून गेली तरी ती फ्रॉक उलटसुलट करत होती.

दुसऱ्या दिवशी अजीजा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. चष्म्याचा नंबर तोच होता. घरी येऊन तिनं सुयांची डबी बंद केली आणि फळीवर ठेवली.

मारिया आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"आता मी हे काम करत नाही, बेटा. डोळे चांगले आहेत म्हणाले. म्हणजे हातच गेला माझा."

"तुझा हात गेला नाही, अम्मी."

"मग? चंद्रव्वाच्या नातीचं काय झालं, ऐकलंस ना?"

मारिया तिच्यासमोर जमिनीवर बसली. "तो कपडाच तसा असतो. चार वेळा घालून टाकायचा म्हणूनच तो बनवलेला असतो. त्याला कुणीही शिवलं तरी तेच होणार. मी रोज बघते." आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. मागची खोली, कात्री, फोटो, चंद्रव्वाचं पोतं.



"म्हणजे तू कापतेस? कोरे कपडे?"

"हो."

"रोज?"

"हो, अम्मी."

"आणि हे आपल्या घरी आलेले चोरीचे."

"कचऱ्यातच जाणार होते ते."

"त्यांच्या कचऱ्यात. आपल्या घरात नाही." अजीजा उठली आणि दोरीवरचे कपडे काढू लागली. "शेरवानीच्या खिशात राहिलेली अत्तराची कुपी परत द्यायला तुझे अब्बा वेळापूरपर्यंत गेले होते. उद्या मी येते तुझ्याबरोबर. परत करून टाकू."

"ते घेतील आणि कापतील. दुसरं काही होणार नाही."

अजीजानं जीन्सचं जाकीट हातात घेतलं. एवढ्या सगळ्या कपड्यांत त्या एकाचंच कापड जाड होतं आणि त्याचा रफू धरून राहिला होता. ती म्हणाली, "विचारून तर बघू. असे थोडे तरी कपडे त्यांच्याकडे येत असतीलच. कापण्यापेक्षा मला दुरुस्तीला ठेवा म्हणते. माणूसच आहे ना तो?"

मारियानं तिला खूप समजावलं. पण आईच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच काही आशा दिसत होती आणि ती मोडायला तिची जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, दोघी मागच्या खोलीत चन्नवीर सरांसमोर उभ्या राहिल्या. अजीजानं बुरख्याच्या आतून कपड्यांचं गाठोडं काढून टेबलावर सोडलं. आपली मुलगी चुकली, असं सांगितलं. मग जाकीट पुढे केलं.

"साहेब, हे कोपरावर फाटलं होतं. आता बघा. असं काम मी करून देईन. तुम्ही द्याल ते घेईन."

चन्नवीरनं जाकिटाच्या कोपरावरून अंगठा फिरवला. "चांगलं केलंय, मावशी," तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. मग त्यानं दार लावून घेतलं आणि मारियाकडे वळला. "तू काय केलंस हे कळतंय का तुला? ॲपवर हे सगळं कापलेलं दाखवलंय. उद्या तपासणीला कुणी आलं आणि यातला एक जरी अख्खा सापडला तर मी घरी बसेन. माझी आई आजारी आहे गावाकडे."

"मी कापते, सर," मारिया म्हणाली, पण तिचा हात कात्रीकडे गेला नाही.

शेवटी चन्नवीरनंच कात्री उचलली. कुर्त्या, एक शर्ट, दोन परकर, एकामागून एक. अजीजा बघत उभी होती. आपण घातलेले टाके ती ओळखत होती. जाकिटाला कात्री चालेना, कापड जाड होतं. त्यानं जोर लावला. पाठ चिरत कात्री गळ्यापर्यंत गेली. मग त्यानं सगळे तुकडे नीट मांडले आणि फोटो काढले.

"मारिया, उद्यापासून येऊ नकोस. कारण मी दुसरं काहीतरी लिहीन, चोरीचं नाव घालणार नाही." त्यानं कात्री ठेवून दिली. "पण माल दारातून बाहेर कसा गेला?"

लावलेलं दार किलकिलं झालं होतं आणि दाराशी झाडू घेऊन चंद्रव्वा उभी होती. ती कधी आली कुणालाच कळलं नव्हतं.

"म्या नेला," ती म्हणाली. "पोरीला एकटीला का बोलताय?"

तिघी एकदमच रस्त्यावर आल्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. अजीजानं चंद्रव्वाचा हात धरला. "माझ्यामुळे झालं हे. मला वाटलं..."

"तुमी खरं बोल्ला, भाभी. खऱ्याला कोन काय म्हननार?" चंद्रव्वानं आपला हात हळूच सोडवून घेतला. "पर घरी जाऊन काय सांगू, ह्येचा इचार करायलेय."

त्यानंतर अजीजाच्या दारातली दोरी निघाली. गल्लीतल्या बायकांचं काही अडलं नाही. मैदानावर कपड्यांचा सेल लागला होता आणि सगळ्या जणी पिशव्या भरभरून आणत होत्या. महेजबीन आपली खरेदी दाखवायला आली. "वाईट वाटून घेऊ नका, भाभी," ती म्हणाली. "फाटलं की टाकायचं, दुसरं घ्यायचं. आता कोण शिवत बसतं?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. अजीजानं कपडे बघितले, रंग छान आहेत म्हणाली.

मारियानं बरेच दिवस नोकरी शोधली. मिळाली ती लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा अजीजानं एवढंच विचारलं, "तिथंही कात्री आहे?"

"असते, अम्मी. सगळीकडे असते."

त्या दुकानात कामावरच्या मुलींनी नव्या फॅशनचंच घालून यायचं असा दंडक होता. पहिले काही दिवस मारिया आपले सुती कुर्ते घालून गेली. मग मालकानं तिला बाजूला घेऊन समज दिली. ती एक पातळ टॉप घेऊन आली, मग दुसरा. कुर्ते धुऊन, इस्त्री करून पेटीत गेले. कॉलेजात ती ज्या थाटात बोलायची तसं आता बोलत नव्हती. एकदा धुतल्यावर टॉपची बाही खांद्यापासून सुटली, तेव्हा तिनं तो गोळा करून कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि मोबाईलवर दुसरा बघत बसली. अजीजा भाकरी थापत होती. तिनं बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

चंद्रव्वाला अक्कलकोट रोडवर चिंध्यांच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तिनंच अजीजाला निरोप पाठवला. अजीजा गेली, कारण शिलाईचं कामही आता फारसं येत नव्हतं. मोठं पत्र्याचं शेड होतं. गावोगावचे जुने कपडे गठ्ठ्यांनी यायचे आणि बायका जमिनीवर बसून त्यांचे चौकोनी तुकडे करायच्या. ते तुकडे गॅरेजला, यंत्रमागाच्या कारखान्यांना जायचे, तेल पुसायला. कल्लप्पा मुकादमानं पहिल्या दिवशी तिला काम समजावलं.

"त्येल पिनारं एकीकडं, न पिनारं दुसरीकडं. ह्ये आताचं समदं प्लास्टिक हाय. पुसायच्याबी कामाचं न्हाय. त्ये तसंच ठिवायचं, जाळाय जातंय."

न पिणाऱ्यांचा ढीग पत्र्याला टेकला होता. त्यातले कितीतरी कपडे जवळजवळ नवे होते, काहींवर किमतीचा कागदही तसाच लटकत होता. पिणाऱ्यांचा ढीग लहान होता आणि कल्लप्पा बायकांना सारखा म्हणायचा, जुनं सुती शोधा, त्यालाच मागणी आहे.

एके दिवशी गठ्ठ्यातून अजीजाच्या हाती एक पुरुषी सदरा आला. पांढरा असावा, आता सायीच्या रंगाचा झाला होता. झिजलेली कॉलर कुणीतरी उसवून, उलटी करून पुन्हा बसवली होती. कोपरावर आतून ठिगळ होतं आणि खांद्यावर रफू. रफू काही फार सफाईदार नव्हता, पण करणाऱ्यानं घाई केली नव्हती. वर्षानुवर्षं कुणीतरी हा सदरा सांभाळला होता, आणि मग तो घालणारा माणूस गेला असेल, किंवा घरात आता नवी सून आली असेल. अजीजानं तो मांडीवर पसरला. कापड अजून घट्ट होतं. आणखी दहा वर्षं सहज गेली असती.

"काय झालं, भाभी?" कल्लप्पानं विचारलं.

"काही नाही. चांगला आहे अजून."

"चांगलाच पायजे की. त्योच त्येल पितोय."

अजीजानं आधी बटणं काढली आणि डब्यात टाकली. मग पाठीच्या मधोमध कात्री लावली. जुनं सुती कापड कापायला मऊ असतं, हाताला काही कळतसुद्धा नाही. समोर बसलेली चंद्रव्वा होटगीची गाडी चुकेल म्हणून भराभर हात चालवत होती. तिची नात शाळेत परत गेली का, हे अजीजाला कितीदा तरी विचारावंसं वाटलं होतं. आजही तिनं विचारलं नाही.